कौतिकभाऊंचं नॉट ॲट ऑल

राजलक्ष्मी मॅडम मदुराईहून बदलून जळगावच्या शाखेत मॅनेजर म्हणून आल्या आणि शाखेतली सगळी माणसं एकाएकी कामाला लागली. मॅडमना मराठी येत नव्हतं. हिंदीतलं 'पानी', 'चाय' आणि 'कल' एवढं यायचं, पण त्यातला 'कल' कालचा की उद्याचा याचा त्यांनाही पत्ता नसायचा. उरलं इंग्रजी. ते मॅडमकडे भरपूर होतं आणि शाखेत कोणाकडेच पुरेसं नव्हतं. तसं वाचता सगळ्यांना यायचं, कारण सर्क्युलरं इंग्रजीतच येतात. लिहिताही यायचं, कारण मागच्या पत्रावरची तारीख बदलली की नवं पत्र होतं. पण बोलायचं म्हटलं की समोरचा माणूस उत्तराची वाट बघत थांबतो, आणि तिथेच सगळं अडतं. त्यामुळे मॅडम केबिनबाहेर आल्या रे आल्या की सगळ्यांच्या माना कॉम्प्युटरमध्ये जात. कर्जविभाग इतकं मन लावून काम करताना ग्राहकांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

या सगळ्यात अडकले ते कौतिकभाऊ बाविस्कर. पन्नाशी उलटलेले, शाखेत सर्वांत सीनियर. एरवी सीनियरपणाचा उपयोग पंख्याखालची खुर्ची मिळण्यापलीकडे काही होत नसे. आता मात्र शेजारच्या टेबलावरच्या हितेंद्रपासून ते शिपाई लोटनपर्यंत सगळ्यांना त्यांची ज्येष्ठता आठवू लागली. केबिनची बेल वाजली की हितेंद्र म्हणायचा, भाऊ, तुम्हीच जा, आम्ही गेलो तर तुमचा अपमान होईल.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्यांना बोलावून अगदी आपुलकीने विचारलं, "हॅव यू हॅड युवर लंच?" कौतिकभाऊंनी त्यातले दोन शब्द पकडले, 'युवर' आणि 'लंच'. तुमचा डबा. बाई परगावची, एकटी, हॉटेलातलं खाऊन कंटाळली असणार, असा विचार करून ते बाहेर आले आणि आपला डबा नेऊन त्यांनी मॅडमसमोर उघडून ठेवला. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं, वर कांद्याची पात. मॅडम आधी चकित झाल्या, मग त्यांनी एक घास घेतला आणि मग सगळंच संपवलं. कौतिकभाऊंनी दुपार चहावर काढली. संध्याकाळी घरी त्यांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा बारावीत असलेली मुलगी भाविका हसता हसता सोफ्यावरून घसरली. तिने त्या वाक्याचा अर्थ सांगितला. जेवलात का, एवढंच विचारलं होतं. पत्नी कुंदाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्या मुलांना हसत नाहीत तशा यांनाही हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून त्या दोन डबे देऊ लागल्या, आणि हे हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कौतिकभाऊंनी इंग्रजी शिकायचं ठरवलं.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले सुरू झाले. समोरचे गौतमचंद शेठ कापड दुकानवाले. त्यांचं मत, की माणसाला आयुष्यात इंग्रजीची दोनच वाक्यं लागतात, 'फिक्स्ड रेट' आणि 'नो एक्स्चेंज', बाकी सगळा दिखावा. कोपऱ्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरांनी क्रिकेटची कॉमेंट्री इंग्रजीतून ऐकायला सांगितली. कौतिकभाऊंनी एक अख्खा रविवार ती ऐकली. त्यातून त्यांना 'अनलकी' हा शब्द पक्का झाला, आणि पुढे तो बराच उपयोगीही पडला. कुणी म्हणालं, घरात इंग्रजीच बोला. ते त्यांनी रात्रीच्या जेवणाला करून पाहिलं. कुंदाबाईंना म्हणाले, "प्लीज पास द चटणी." कुंदाबाई म्हणाल्या, चटणी तुमच्याच कोपराखाली आहे, आधी कोपर पास करा.

शेवटी गौतमचंद शेठच्या सूनबाईच कामाला आल्या. रूपल इंदूरची, शिकलेली. दुकानाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी ती स्पोकन इंग्लिशचा क्लास घ्यायची. क्लासमध्ये लग्न ठरलेल्या मुली, एक ब्यूटी पार्लरवाली, कॅनडाला निघालेला एक ट्रॅक्टर मेकॅनिक, आणि शेवटच्या बाकावर कौतिकभाऊ. ज्या रूपलच्या लग्नात त्यांनी पंगत वाढली होती, तिला पहिले काही दिवस ते वहीत बघूनच 'गुड इव्हिनिंग मॅडम' म्हणायचे. तीही त्यांना 'अंकल' म्हणून चुका काढायची, त्यामुळे चूक तर दिसायची पण रागावता यायचं नाही.

रूपलची पद्धत वेगळी होती. सुटे शब्द पाठ करू नका, आख्खी वाक्यं पाठ करा, असं ती सांगायची. रोजच्या वापरातली, सभ्य माणसाची वाक्यं. कौतिकभाऊंनी त्या वाक्यांच्या चिठ्ठ्या करून घरभर डकवल्या. आरशावर 'हाऊ डू यू डू', नळावर 'जस्ट अ मोमेंट', फ्रिजवर 'हेल्प युवरसेल्फ'. ती शेवटची वाचून गौतमचंद शेठच्या नातवाने एकदा आंब्याच्या रसाचं पातेलं रिकामं केलं, आणि चिठ्ठी वाचता येते म्हणून त्याचं कौतुकही करावं लागलं.

पण गुण आला. एक दिवस कॅशची गाडी उशिरा येणार होती. कौतिकभाऊ केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "आय ॲम अफ्रेड, मॅडम, द व्हॅन विल बी लेट." मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. बाहेर शाखा स्तब्ध झाली होती. भाऊ भ्यायले कशाला, असं हितेंद्रने लोटनला हळूच विचारलं. कौतिकभाऊंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्यांना क्लासमध्ये कोणी शिकवली नव्हती. ती आपोआप आली होती.

मग त्यांचा भाव वाढतच गेला. मॅडमचा निरोप बाहेर सांगायचा, बाहेरची तक्रार आत पोचवायची, सगळं त्यांच्याचकडून. ग्राहकसुद्धा त्यांच्याकडे आदराने बघू लागले. सावद्याचा एक केळीचा व्यापारी तर आपलं लोनचं काम झाल्यावरही थोडा वेळ बसून राहिला, भाऊंचं इंग्रजी ऐकायला मिळेल म्हणून.

अशात धडगावची भानगड उपटली. सातपुड्यात धडगावला बँकेची नवी शाखा उघडायची होती आणि आपल्या शाखेतून एक अनुभवी माणूस द्यायचा होता. धडगावबद्दल कोणाचं वाईट मत नव्हतं. पण जळगावात ज्याचं घर बांधून झालंय, बायकोची शाळा आहे आणि मुलीची बारावी आहे, त्याला घाटातल्या गावी एकट्याने खोली घेऊन राहायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. शिवाय कौतिकभाऊंना स्वयंपाकातलं फक्त जेवण यायचं. शाखेतल्या एकेकाने आपापली अडचण आधीच मॅडमच्या कानावर घालून ठेवली होती. गंमत म्हणजे त्या सगळ्या अडचणी इंग्रजीतून सांगायला दुभाषी म्हणून कौतिकभाऊच गेले होते. स्वतःची सांगायचं मात्र त्यांना सुचलंच नाही.

शुक्रवारी दुपारी मॅडमनी त्यांना बोलावलं. बसा म्हणाल्या. बराच वेळ गोल गोल बोलल्या. त्यातलं निम्मं कौतिकभाऊंना कळलं, आणि शेवटी एक प्रश्न आला तो पुरा कळला, निदान त्यांना तसं वाटलं. "मिस्टर बाविस्कर, वुड यू माइंड गोइंग टू धडगाव?"

माइंड म्हणजे मन. धडगावला जायचं मन आहे का. कौतिकभाऊ खुर्चीत ताठ झाले. 'नो' म्हणणं त्यांना उद्धट वाटलं. सभ्य, शिकलेला माणूस ठाम नकार कसा देतो, ते त्यांच्या कपाटावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. खाली मराठीत अर्थही होता, मुळीच नाही.

"नॉट ॲट ऑल, मॅडम," ते म्हणाले.

मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, "आर यू शुअर?"

"शुअर, मॅडम. नॉट ॲट ऑल." या वेळी कौतिकभाऊंनी टेबलावर हलकेच बोटही आपटलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. तो हातात घेताना कौतिकभाऊंचं मन भरून आलं. आयुष्यभर साहेब लोकांपुढे आपण हो ला हो करत आलो, आणि हे बघा, एकदा स्पष्ट नाही म्हटलं तर मॅनेजर उठून हात मिळवते. भाषेत केवढी ताकद असते.

बाहेर येऊन त्यांनी ही हकिगत सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. लोटनने स्वतःहून स्पेशल चहा आणला. हितेंद्रने ते तीन शब्द हातावर लिहून घेतले. संध्याकाळी गौतमचंद शेठनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की आमच्या सूनबाईच्या क्लासचा विद्यार्थी बँकेच्या मॅनेजरला तोंडावर नाही म्हणून आला. त्या आठवड्यात रूपलच्या क्लासला नवी ॲडमिशनं झाली म्हणतात.

सोमवारी मेल आली. श्री. कौतिक बाविस्कर यांची धडगाव शाखेत बदली करण्यात येत असून, त्यांनी स्वतःहून दाखवलेल्या उत्साहाबद्दल रिजनल ऑफिस त्यांचं अभिनंदन करत आहे. पुढच्या सोमवारी रुजू व्हावं.

कौतिकभाऊंनी ती मेल घरी नेऊन भाविकाला दाखवली. इंग्रजीत काहीतरी छपाईची चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. भाविकाने मेल वाचली आणि मॅडमनी नेमकं काय विचारलं ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. या वेळी ती हसली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला जायचंय का, असं त्यांनी विचारलंच नाही. जायला तुमची काही हरकत आहे का, असं विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, मुळीच नाही."

कुंदाबाई आत गेल्या आणि गॅस बंद करून आल्या.

मग कौतिकभाऊ आधी रूपलकडे गेले. तिने शांतपणे वही उघडून दाखवली, हे सगळं तिने शिकवलं होतं. 'वुड यू माइंड'चा धडा झाला त्या दिवशी अंकल पारोळ्याला हळदीला गेले होते. रूपलकडून ते युनियनच्या पुढाऱ्याकडे गेले. पुढाऱ्याने सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाला, माणसाला जबरदस्तीने पाठवलं तर युनियन रस्त्यावर उतरेल. पण जो टेबलावर बोट आपटून, हौसेने गेला, त्याच्यासाठी कोणाविरुद्ध घोषणा द्यायच्या? युनियन अन्यायाविरुद्ध लढते, आनंदाविरुद्ध लढायची तिच्या घटनेत तरतूद नाही. रिजनल ऑफिसला फोन लावला, तर तिथल्या बाईंनी सांगितलं, की संमतीची बदली रद्द करायला संमती चुकून दिल्याचा पुरावा लागतो, आणि तो शाखा मॅनेजरच्या शिफारशीने यावा लागतो. म्हणजे पुन्हा राजलक्ष्मी मॅडम.

कॉलनीने आपल्या परीने मदत केली. ओव्हरसियर म्हणाले, छातीत दुखतंय म्हणा. गौतमचंद शेठ म्हणाले, इंग्रजीतच एक कडक भाषण लिहून घ्या, आणि ते लिहायला त्यांनी रूपलला बसवलंही. पण कौतिकभाऊंनी हात जोडले. आता इंग्रजी नको. ज्या भाषेत फसलो त्याच भाषेत सुटायला जायचं, एवढं धैर्य त्यांच्यात उरलं नव्हतं.

गुरुवारी बँक बंद व्हायच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच, मराठीत, सगळं बोलून मोकळे झाले. सुरुवात बऱ्या मराठीत झाली, पण भाविकाच्या परीक्षेपाशी येईपर्यंत त्यांच्या तोंडी त्यांच्या आईची अहिराणी आली. मना गैरसमज व्हई गया, मॅडम, मी जाऊ नही शकस, असं ते म्हणाले, आणि आपण काय भाषा बोलतोय हे लक्षात येऊन थांबले. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. बाहेर फाइली लावता लावता लोटन कान देऊन ऐकत होता.

मग मॅडम हळू, एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "बघते, भाऊ."

कौतिकभाऊ थिजले. मराठीतले इतके शब्द सोडून या बाईंना नेमका हाच शब्द कोणी शिकवला? 'बघतो' या शब्दाची त्यांच्याइतकी जवळून ओळख दुसऱ्या कोणाची असणार. विहिरीच्या कर्जासाठी आलेल्यांना, म्हशीच्या कर्जासाठी आलेल्यांना, सबसिडीची चौकशी करणाऱ्यांना, सगळ्यांना ते स्वतः हेच म्हणत आले होते, बघतो. आणि त्यानंतर त्यांनी कधीही काही बघितलेलं नव्हतं. उत्तर मिळालं होतं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन कुंदाबाईंना म्हणाले, गादी बांध.

शुक्रवारी त्यांनी कोणाशी फारसं बोलायचं टाळलं. मेल तर त्या अभिनंदनापासून उघडलीच नव्हती. नवं अभिनंदन वाचायची त्यांची ताकद नव्हती. टेबल आवरलं, कर्जाच्या फाइलींचे गठ्ठे लावून ठेवले. शनिवारी संध्याकाळी स्टाफने निरोप समारंभ केला. शाल, नारळ, समोसे. भाषणं झाली. एरवी चहाचा कप कौतिकभाऊंच्या फाइलवर ठेवणारी माणसं एकेक करून उठली आणि त्यांना देवमाणूस म्हणून गेली. हितेंद्र तर बोलायला रुमाल हातात घेऊनच उठला. मणक्याच्या दुखण्यामुळे मला धडगावला जाता आलं नाही, तो म्हणाला, पण माझी तब्येत धड असती तर भाऊंचा सगळा भार मी माझ्या खांद्यावर घेतला असता. मनापासून घेतला असता.

शेवटी मॅडम उठल्या. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. चष्मा सारखा करून त्या म्हणाल्या, "भाऊ कोठेच जात नही. भाऊ आठेच शेतस."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बाहेरच्या एटीएमच्या रांगेतली माणसं आत डोकावली. मदुराईची बाई, आणि अहिराणीत बोलली. कोपऱ्यात लोटन गालातल्या गालात हसत होता. मॅडमना संध्याकाळी फाइली लावता लावता मराठी तोच शिकवत होता, फक्त आपण शिकवतो ती अहिराणी, हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. आणि वाक्य तरी काय बोलल्या. भाऊ कुठेच गेलेले नाहीत, भाऊ इथेच आहेत, आपल्यात, आपल्या मनात. एवढं मोजकं आणि एवढं खोल बोललेलं त्या शाखेत कधी कोणी ऐकलं नव्हतं. कॅशियर कमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कौतिकभाऊंनी वाकून नमस्कार केला. मॅडम जरा गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या, पण त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

रविवारी कौतिकभाऊ निघाले. चोपडा, शिरपूर, शहादा, दर ठिकाणी एसटी बदलायची आणि दर ठिकाणी गुंडाळलेली गादी वर चढवायची. एका कंडक्टरने गादीचं तिकीट मागितलं, तेव्हा गादी झोपलेली नाही, उभी आहे, मग अर्धं घ्या, असा वाद त्यांनी घातला आणि हरले. शहाद्याच्या पुढे घाट लागला आणि त्यांच्या मांडीवर स्टोव्ह, स्टोव्हवर डाळीचा डबा आणि डब्यावर त्यांची हनुवटी, असा प्रवास झाला. रात्र लॉजवर काढली. सोमवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते धडगावच्या शाखेत हजर झाले. शटरला अजून रंग लागत होता. आतल्या तरुण मॅनेजरने त्यांचं नाव ऐकलं आणि दोनदा कॉम्प्युटरकडे, एकदा दाराबाहेर ठेवलेल्या गादीकडे पाहिलं.

तुमची बदली तर शुक्रवारीच रद्द झाली, तो म्हणाला. तुम्हाला मेल गेली असेल. तळोद्याचा एक मुलगा घराजवळ हवं म्हणून स्वतःहून मागत होता, तुमच्या मॅडमनी त्याचं नाव लावून दिलं.

कौतिकभाऊ बाहेर येऊन गादीवर बसले. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा होता. भाऊ आज का आले नाहीत, बरं नाही का, म्हणून काळजीने त्यांनी फोन केला होता.

"भाऊ, तुम्ही कोठे शेतस?"

"धडगावला, मॅडम."

मॅडमना आठवत असावं, आपण गुरुवारी बघते म्हणालो आणि बघितलं, शुक्रवारी मेल पाठवली, शनिवारी भर सभेत चिठ्ठी वाचून सांगितलं, आणि सगळ्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, शालसुद्धा घातली.

"कशाले?" मॅडमनी विचारलं.

"अनलकी, मॅडम," कौतिकभाऊ म्हणाले. याहून नेमकं उत्तर त्यांच्याजवळ मराठीत नव्हतं, आणि अहिराणीतही नव्हतं.

त्याच दिवशी ते उलट्या मार्गाने परत आले. शिरपूरला तोच कंडक्टर भेटला आणि त्याने या वेळी काही न विचारताच गादीचं पूर्ण तिकीट फाडलं. रात्री कॉलनीत शिरले तेव्हा गौतमचंद शेठ ओट्यावर बसलेले होते. त्यांनी गादी पाहिली, स्टोव्ह पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. कुंदाबाईंनी दार उघडलं. काय झालं ते ऐकताना आधी त्या शिक्षिकेसारख्या गंभीर होत्या, पण मॅडमच्या भाषणापाशी आल्यावर त्यांना आवरेना. त्या हसल्या, भाविका हसली, आणि शेवटी जिन्याच्या पायरीवर बसून कौतिकभाऊही हसले.

मंगळवारी ते शाखेत गेले तेव्हा सगळे जरा बिचकले. ज्याला देवमाणूस म्हणून वाटेला लावलं, तो शर्टाच्या बाह्या दुमडत पुन्हा पंख्याखाली येऊन बसला तर त्याच्याशी काय बोलावं, हे कोणाला सुचेना. लोटनने पाणी आणून ठेवलं. मॅडमनी केबिनमधून हात केला. कौतिकभाऊंनीही केला. हाताच्या भाषेत घोटाळा व्हायला वाव कमी, हे आता दोघांनाही पटलं होतं.

मग कौतिकभाऊंनी आपल्या टेबलाकडे पाहिलं. त्यांनी बांधून ठेवलेले कर्जाच्या फाइलींचे गठ्ठे तसेच होते, मार्चएंड जवळ आला होता. शनिवारची सगळी भाषणं त्यांच्या कानात अजून ताजी होती. ते उठले, सर्वांत मोठा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"हितेंद्र," त्यांनी फार मायेने विचारलं, "मणका कसा आहे आता?"

हितेंद्र मोबाइलवर काहीतरी बघण्यात गुंग होता.

"एकदम चांगला आहे, भाऊ," तो म्हणाला, आणि मग त्याने मान वर केली.